अस्मानी कीं सुलतानी?

आपल्याकडे प्रजेवर येणाऱ्या संकटांचे दोन वर्ग पूर्वापार मानलेले आहेत: अस्मानी आणि सुलतानी. सुलतानीचें पाप अस्मानीच्या माथीं मारण्याचा मोह मात्र मनुष्यास सर्वत्र होतो. त्याची साक्ष इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत, सिल्कस्टोन गांवच्या चर्चच्या आवारांतील एक स्मारक देतें.

४ जुलै १८३८ रोजीं दुपारीं तेथें वादळी पाऊस कोसळला. हस्कर नांवाच्या कोळशाच्या खाणींत त्या वेळीं लहान मुलें कामावर होतीं. कामकऱ्यांस वर ओढून घेणाऱ्या वाफेच्या यंत्राची भट्टी पावसानें विझली. तेव्हां खालीं खोळंबलेलीं कांहीं मुलें नॅब्स वनांत निघणाऱ्या तिरप्या भुयारानें बाहेर येऊं लागलीं. इतक्यांत ओढ्यास लोंढा आला आणि तें पाणी भुयारांत घुसलें. हवा खेळती ठेवण्यासाठीं आंत बसविलेल्या दाराशीं तीं कोंडलीं गेलीं आणि २६ जीव बुडाले: १५ मुलगे व ११ मुली. सर्वांत धाकटें मूल ७ वर्षांचें होतें. थोरलें १७ वर्षांचें.

१८४१ सालीं उभारलेल्या स्मारकावर त्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. लेख सांगतो कीं, मेघगर्जना, वीज, गारा व पाऊस हीं सारीं परमेश्वरानें धाडलीं. यास्तव वाचणाऱ्यानें अंतिम न्यायाच्या दिवसासाठीं सावध असावें. खाणमालकाचें नांवही तेथें आहे. पण तें खाण कोणाची एवढेंच सांगण्यापुरतें. सात वर्षांचें मूल भूमीच्या पोटांत कां होतें, हें तो दगड विचारीत नाहीं.

तो प्रश्न पुढें पार्लमेंटांत निघाला. लॉर्ड ॲश्ली यांच्या खटपटीनें १८४० सालीं चौकशी मंडळ नेमलें गेलें. कमरेस साखळी बांधून कोळशाच्या गाड्या ओढणाऱ्या मुलामुलींचीं चित्रें त्याच्या १८४२ सालच्या अहवालांत छापून आलीं, आणि त्याच वर्षीं स्त्रिया, मुली व दहा वर्षांखालील मुलगे यांस खाणींत उतरविण्याची कायद्यानें बंदी झाली. हें सारें एकट्या हस्करमुळें घडलें असें आमचें म्हणणें नाहीं. शिवाय कायदाही अपुराच होता: तो आधीं झाला असता तर त्या ११ मुली भुयारांत नसत्या; दहा वर्षांवरील मुलगे मात्र असतेच.

शोकाकुल आईबापांस ईश्वरेच्छेचा आधार वाटला असेल, त्याचा उपहास आम्ही करणार नाहीं. परंतु पाऊस अस्मानी होता. त्या पावसाच्या वाटेंत मुलें उभीं करणें सुलतानी होतें. दगडानें हा भेद पुसला, तो १८४२ च्या कायद्यानें थोडासा लिहिला. म्हणून तो लेख वाचतांना शेजारीं तो कायदाही ठेवून वाचावा, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.