वेतातले सर्वांत लहान पिल्लू: दोन हजार वर्षांचा हिशेब

१/ कुत्रीचा गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा. भाद्रपदात माजावर आलेल्या कुत्र्या म्हणूनच कार्तिक-मार्गशीर्षात वितात. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेल्या बुलढाण्यात नेमकी तेव्हाच थंडी उतरू लागते. वेतात एखादे पिल्लू बहुधा इतरांहून लहान असते, आणि थंडीचा पहिला घाव त्याच्यावरच पडतो. त्याचे काय करायचे, हा प्रश्न फार जुना आहे. #थ्रेड

२/ महाभारताच्या आदिपर्वात, पौष्यपर्वाच्या आरंभी, एक पिल्लू भेटते. जनमेजयाच्या सत्रात आलेल्या त्या पिल्लाला राजाचे तिघे भाऊ मारतात. ते रडत आपल्या आईकडे, देवांच्या कुत्रीकडे, सरमेकडे जाते. त्याने हविर्द्रव्य चाटलेले नसते, त्याकडे पाहिलेलेही नसते. सरमा सत्रात येऊन जाब विचारते. कोणीही उत्तर देत नाही. मग ती शाप देते.

३/ सरमेचे अपत्य ते ‘सारमेय’. पुढे हा शब्द कुत्र्यालाच रूढ झाला. १२व्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, ‘मानसोल्लास’ सिद्ध केला. त्यात ‘सारमेयविनोद’ नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. तेथे कुत्रा येतो तो राजाच्या शिकारीचा सोबती म्हणून. दरबारात त्याचे मोल त्याच्या उपयोगावर ठरत होते.

४/ हाच दृष्टिकोन प्राचीन ग्रीस आणि रोममध्ये अधिक तपशिलाने दिसतो. इ.स.पू. ४थ्या शतकातील झेनोफोन शिकारीवरच्या ग्रंथात सांगतो की पिल्ले दुसऱ्या कुत्रीखाली देऊ नयेत. आईचे दूध, तिचा श्वास, तिची माया यांनीच ती वाढतात. अति खाऊ घातल्यास पाय वाकडे होतात, हा इशाराही तो देतो.

५/ रोमन लेखक व्हारो याने इ.स.पू. ३७ च्या सुमारास शेतीवर ग्रंथ लिहिला. त्याचा सल्ला कोरडा आहे: पिल्ले जास्त असतील तर हवी तेवढी लगेच निवडावीत, उरलेली टाकून द्यावीत. जितकी कमी ठेवाल तितकी ती चांगली पोसतील, कारण दूध भरपूर मिळेल. दुधाचा हिशेब अचूक आहे. त्याची किंमत मात्र टाकून दिलेली पिल्ले मोजतात.

६/ इ.स. ३ऱ्या शतकाच्या अखेरीस कार्थेजचा कवी नेमेसियानुस आणखी पुढे जातो. पिल्लाच्या वजनावरून त्याचे भावी बळ आणि धाव ओळखावी, असे तो सांगतो. दुसरी कसोटी अग्नीची: पिल्लांभोवती आगीचे कडे करावे आणि आई कोणते पिल्लू आधी बाहेर काढते ते पाहावे. म्हणजे वजन पाहायचे ते निवाडा करण्यासाठी.

७/ या लेखकांना केवळ निर्दय ठरवून चालणार नाही. मेंढपाळाला कळप राखणारा कुत्रा हवा होता, शिकाऱ्याला धावणारा. घरातले धान्य आणि दूध मोजके होते. तरीही त्यांच्या काळात दुसरी वाट होती. १ल्या शतकातील कोलुमेला लिहितो की आईचे दूध आटले, तर पिल्लांना चार महिन्यांची होईपर्यंत शेळीचे दूध द्यावे.

८/ दुर्बळाला आसरा देण्याचा विचार मराठी मुलखाला परका नाही. मेहकर आणि लोणार ही आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील गावे चक्रधरस्वामींच्या संचाराशी जोडलेली आहेत. १३व्या शतकातील ‘लीळाचरित्रा’त पारध्यांपुढे धावणारा ससा स्वामींच्या मांडीखाली शिरतो आणि वाचतो. त्या सशाचा कोणाला काय उपयोग, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही.

९/ आता शास्त्राकडे. लहान पिल्लू नेहमीच जन्मतः सदोष असते असे नाही. गर्भाशयात त्याला पोषण कमी मिळालेले असू शकते. जन्मानंतर दांडगी भावंडे त्याला सडावरून ढकलतात. दूध कमी, म्हणून बळ कमी. बळ कमी, म्हणून दूध आणखी कमी. हे चक्र तोडायचे तर दांडग्यांना थोडा वेळ बाजूला ठेवून लहानग्याला भरल्या सडाला लावावे लागते. पहिल्या दिवसाचा चीक तर चुकताच कामा नये. रोगप्रतिकारक द्रव्ये पिल्लाच्या आतड्यातून रक्तात जातात ती मुख्यतः पहिल्या २४ तासांतच.

१०/ दुधाआधी ऊब. पहिल्या आठवड्यात पिल्लाला थंडीने कुडकुडताही येत नाही. शरीर गार पडले की पचन मंदावते. गार पिल्लाच्या पोटात दूध घालणे घातक ठरते. गोधडीत गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली जवळ ठेवून त्याला आधी सावकाश उबवावे. पाजताना ते पालथेच असावे. माणसाच्या बाळासारखे उताणे धरल्यास दूध फुप्फुसात जाऊ शकते.

११/ आणि कोलुमेलाचे शेळीचे दूध? कुत्रीच्या दुधात प्रथिने आणि स्निग्धांश गाय-शेळीच्या दुधाच्या साधारण दुप्पट असतात. म्हणून शेळीचे दूध हा अडीअडचणीचा आधार. पिल्लांसाठी बनवलेली दूध-पावडर अधिक योग्य. ‘पचायला हलके’ म्हणून दुधात पाणी घालण्याची सवय तर उलटीच पडते: पोट भरते, वजन वाढत नाही.

१२/ शेवटी पुन्हा वजनच. किराणा दुकानात असतो तसा ग्रॅम दाखवणारा काटा, रोज एकच वेळ आणि एक वही. पहिल्या दिवशी वजन किंचित घटू शकते. त्यानंतर ते रोज वाढले पाहिजे आणि साधारण दहा दिवसांत जन्मावेळच्या दुप्पट व्हायला हवे. वाढ थांबली की त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. सगळी पिल्ले वाचत नाहीत; काहींचा दोष आतला असतो.

१३/ नेमेसियानुसने वजन पाहिले ते कोणाला ठेवावे हे ठरवण्यासाठी. आज तेच वजन कोणाला आधी पाजावे हे सांगते. सरमेने सत्रात विचारले होते, माझ्या पिल्लाचा अपराध काय? वेतात सर्वांत लहान जन्मणे हाही अपराध नाही. बुलढाण्याच्या थंडीत एखाद्या ओसरीवर गोधडी, बाटली आणि काटा तयार ठेवला, तर त्या प्रश्नाला उशिरा का होईना, उत्तर मिळते.