बसत नाही, बाई!

जून उजाडला की शाळेच्या वेळापत्रकाचं काम माझ्या गळ्यात पडायचं. मी मराठी-इतिहासाचा मास्तर, पण अक्षर बरं, म्हणून! आठवी ते दहावीच्या सहा तुकड्या आणि प्रयोगशाळा एकच. 1986 साली विज्ञानाच्या बाईंना आठवड्यातले चार दिवस शेवटचा तास आला. घरी तान्हं मूल, त्यामुळे लवकरची एसटी चुकली की त्यांचा जीव टांगणीला. "सर, बघा ना काही जमतंय का," असं त्या दोनदा म्हणाल्या. मी पेन्सिल-खोडरबर घेऊन दोन रात्री बसलो आणि सांगून टाकलं, "बसत नाही, बाई."

परवा इंजिनिअरिंगला असलेली नात म्हणाली, "आजोबा, या 'बसत नाही'वर गणितवाल्यांनी आयुष्यं घालवली आहेत." मग काय, वाचायला घेतलं.

सुरुवात तर फार गोड आहे. अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनमधल्या एस. एम. जॉन्सन यांनी 1954 मध्ये एक नियम मांडला. समजा, एक छपाईयंत्र आणि एक बाइंडर. पहिल्या पुस्तकाला छपाई 1 तास, बांधणी 4 तास. दुसऱ्याला नेमकं उलट. पहिलं आधी घेतलं तर सगळं काम 6 तासांत उरकतं, दुसरं आधी घेतलं तर 9 तास लागतात. (करून बघा कागदावर!) नियम असा: सगळ्यांत छोटा आकडा शोधा. तो छपाईचा असेल तर ते पुस्तक सर्वांत आधी, बांधणीचा असेल तर सर्वांत शेवटी. मग उरलेल्यांचं पुन्हा तसंच. पुस्तकं कितीही असोत, याहून कमी वेळ लागणारच नाही. पाचवीच्या पोरालाही जमेल.

पण यंत्रं दोनाची तीन झाली की खेळ बिघडतो. गॅरी, जॉन्सन (हे वेगळे जॉन्सन) आणि रवी सेठी यांनी 1976 मध्ये दाखवलं, की तीन यंत्रांचा प्रश्न गणितातल्या कुप्रसिद्ध अवघड प्रश्नांच्या पंगतीतला आहे. कुठल्याही आकड्यांना लागू पडेल अशी झटपट रीत त्याला आजही सापडलेली नाही.

याहून गंमत पुढेच. फिशर आणि थॉम्पसन यांनी 1963 मध्ये एक उदाहरण छापलं: दहा कामं, दहा यंत्रं, प्रत्येक कामाचा यंत्रांवरून जाण्याचा क्रम ठरलेला. दहा कामं एका रांगेत लावायच्याच 36,28,800 तऱ्हा, आणि इथे रांगा दहा! वर्षानुवर्षं लोक त्यावर डोकं फोडत राहिले. 930 हे उत्तर हाती आलं, पण 929 मध्ये बसतच नाही हे कोण सांगणार? ते कार्लिए आणि पिन्सन या फ्रेंच जोडीने संगणकाच्या मदतीने सिद्ध केलं. साल 1989. सव्वीस वर्षं लागली!

म्हणजे बसवून दाखवणं सोपं. एखादी मांडणी दाखवली की झालं. 'बसत नाही' म्हणायला मात्र सगळ्या वाटा बंद आहेत हे दाखवावं लागतं.

आणि मी दोन रात्रींत म्हणून मोकळा झालो होतो. खरं सांगायचं तर दुसऱ्या रात्री दहालाच वही मिटली होती. बाई आता पुण्यात मुलाकडे असतात, तोच तो तान्हा. हा ब्लॉग वाचतात असं ऐकलंय.