छेदक बाबी, सॉफ्टवेअर-रचनेतील

संगणकीय आज्ञावलीची वर्गांत विभागणी केल्यानंतरही जी गरज कोणत्याही एका वर्गात सामावत नाही व अनेक वर्गांना आडवी छेदून जाते, तिला छेदक बाब म्हणतात. नोंदलेखन, अधिकार-तपासणी व चूक-हाताळणी ही तिची नेहमीची उदाहरणे होत.

शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुकसारख्या गावाच्या जमीन-दप्तरासाठी वस्तु-अभिमुख पद्धतीने आज्ञावली रचावयाची आहे, असे समजू. गट, खातेदार, पीक व फेरफार हे वर्ग सहज सुचतात. कारण गाव नमुना ६, ७, ८-अ व १२ यांनी ही विभागणी पूर्वीच करून ठेवली आहे. परंतु बदल कोणी, केव्हा व कोणत्या अधिकाराने केला, ही तपासणी प्रत्येक वर्गात लिहावी लागते. ती सर्वत्र विखुरते आणि प्रत्येक ठिकाणी मूळ कामात गुंतते. पुढे नियम बदलला व दुरुस्ती करताना एक जागा नजरेतून निसटली, तर मंडल अधिकाऱ्याने प्रमाणित न केलेला फेरफारही अधिकार अभिलेखात उतरू शकतो.

बदलण्याजोगे निर्णय एकेका घटकात झाकून ठेवावेत, हे तत्त्व डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये मांडले. ‘बाबींचे पृथक्करण’ हा शब्दप्रयोग डायक्स्ट्रा यांच्या १९७४ मधील टिपणातला. सिम्युला व स्मॉलटॉक या भाषांनंतर वर्ग हेच विभागणीचे एकक रूढ झाले. मात्र एक विभागणी प्रमुख मानली की, इतर दृष्टींनी महत्त्वाच्या बाबी विखुरणारच. तो रचनाकाराचा निष्काळजीपणा नव्हे. ग्रेगर किक्झालेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अशा बाबींसाठी ‘पैलू’ हे स्वतंत्र एकक सुचविले. पैलू एकदाच लिहावयाचा व यंत्राने तो योग्य त्या ठिकाणी विणावयाचा, ही त्यामागील कल्पना. वर्ग वाचणाऱ्यास तेथे आणखी काय घडते ते दिसत नाही, हा तीवरील आक्षेप रास्तच होता.

पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्रातील विनय कुलकर्णी व श्रीधर रेड्डी यांनी २००३ मध्ये आयईईई सॉफ्टवेअर या नियतकालिकात निराळा मार्ग मांडला. बाबींची फारकत प्रणालीच्या प्रतिमानापासूनच करावी व आज्ञावली त्या प्रतिमानावरून निर्माण करावी, असे त्याचे सूत्र आहे.

जुन्या आज्ञावलीतील छेदक बाबी ओळखणे हे अधिक कठीण काम होय. मारिन, व्हान डर्सन व मूनेन यांनी २००४ मध्ये सुचविलेल्या पद्धतीत, अनेक ठिकाणांहून बोलावल्या जाणाऱ्या क्रिया प्रथम हेरतात. परंतु तारीख छापणारी साधी क्रियाही अनेक ठिकाणांहून बोलावली जाते. म्हणून यंत्राने काढलेली यादी जाणकाराला चाळावीच लागते. शिवाय एखादी बाब छेदक आहे की नाही, हे निवडलेल्या विभागणीवर अवलंबून असते. वरील दप्तरात गटाऐवजी फेरफार हाच प्रमुख वर्ग धरला, तर अधिकार-तपासणी एके ठिकाणी येते. पण गटाच्या एकूण क्षेत्राचा मेळ राखणे वारस, खरेदी, वाटणी अशा प्रत्येक प्रकारच्या फेरफारात विखुरते.