धोंडो : एका नांवाची कुळकथा

मुंबईच्या उपनगरांत, मध्य रेल्वेवर, विक्रोळी आणि भांडुप यांच्या दरम्यान कांजूरमार्ग नांवाचें स्थानक आहे. रुळांच्या पूर्वेस, खाडीच्या बाजूला, मिठागरांचा प्रदेश. त्याच अंगास जी दाट वस्ती उभी राहिली आहे तिच्यांत कर्वेनगर या नांवाचा एक भाग आहे. कर्वे हें आडनांव उच्चारतांच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें शंभरी ओलांडलेले महर्षि धोंडो केशव कर्वे उभे राहतात. पुण्यांतहि एक कर्वेनगर आहे, आणि मुंबईचा जुना क्वीन्स रोड आज महर्षि कर्वे मार्ग म्हणून ओळखला जातो. आडनांवाचें असें सोनें झालें. पण त्या आडनांवाआधींचें, जें खास त्यांचें स्वतःचें नांव, तें मात्र कर्वेनगरांतील एखाद्या पाळण्याशीं आज कोणी उच्चारील असें वाटत नाहीं. एके काळीं कोंकणांत व देशावर, ब्राह्मणाच्या ओसरीपासून कुणब्याच्या खळ्यापर्यंत सर्वत्र ऐकूं येणारें ‘धोंडो’ हें नांव दुर्मिळ कसें झालें, याची कथा पाहूं गेल्यास ती नांवापेक्षां मोठी निघते.

धोंडा म्हणजे मोठा, ओबडधोबड दगड. वाटेंत आला तर ठेंच लागावी, शेतांत निघाला तर बांधावर फेंकून द्यावा, आणि आपल्याच हातानें आपलें नुकसान करून घेतलें तर तो पायांवर पाडून घेतला असें म्हणावें, एवढीच व्यवहारांत या शब्दाची प्रतिष्ठा. मराठींत ‘नांव ठेवणें’ म्हणजे नामकरण आणि ‘नांवें ठेवणें’ म्हणजे निंदा. एका वचनाचा काय तो फरक. धोंडो या नांवांत या दोन्ही क्रिया एकाच वेळीं होतात, आणि त्या जाणूनबुजून केलेल्या असतात. बारशाच्या दिवशीं पोटच्या गोळ्याला दगड म्हणणारी आई त्याची निंदा करीत नसे. ती त्याला लपवीत असे.

लपवावयाचें कोणापासून, हें ज्या घरांत लागोपाठ दोनतीन पाळणे रिकामे झाले त्या घराला सांगावें लागत नव्हतें. सटवाई येऊन बाळाच्या कपाळीं त्याचें आयुष्य लिहून जाते अशी समजूत होती; दृष्ट लागते ही तर होतीच; आणि देखण्या, लाडक्या, भारदस्त नांवाच्या मुलावर मृत्यूचा डोळा आधीं जातो असा सर्वांचा अनुभव होता, निदान दुःखानें तो अनुभव आहे असें त्यांस वाटावयास लावलें होतें. मग उपाय एकच उरे. घरांत मोलाचें असें कांहीं आलेंच नाहीं असें भासवावयाचें. जन्मलें तें मूल नव्हे, धोंडा आहे. तो नेऊन यमानें करावयाचें काय?

हा विचार केवळ नांवावर थांबत नसे. मूल सुपांत घालून क्षणभर उकिरड्यावर ठेवावयाचें, शेजारणीनें तें उचलावयाचें, आणि मग आईनें पसाभर धान्य देऊन तें तिच्याकडून विकत घ्यावयाचें, असे विधि ठिकठिकाणीं होते. अशा मुलाचें नांव उकिर्डा, केरबा किंवा कचरू. आजच्या मुंबईकराला कांजूरमार्ग म्हटलें कीं प्रथम तेथील कचराभूमि आठवते. ‘कचरू’ या हांकेंत केवढी माया सांठवलेली होती हें त्याला सांगूनहि सहसा पटावयाचें नाहीं. जणूं भिक्षेंत मिळाला म्हणून भिकू किंवा भिकाजी, मुलगी आहे असें वाटून मृत्यूनें फसावें म्हणून नाक टोंचलें तो नथू, फाटक्या चिंधीच्या मोलाचा तो चिंधू. दगडू तर धोंडूचा सख्खा भाऊच. पुण्याच्या दगडूशेठ हलवाई गणपतीपुढें हात जोडणाऱ्या लक्षावधि लोकांपैकीं कोणाच्याहि मनांत त्या शब्दाचा अर्थ डोकावत नाहीं, इतका तो दगड आतां गुळगुळीत झाला आहे.

धोंडो या नांवाकडे येणाऱ्या दुसऱ्याहि वाटा आहेत, त्या नाकारण्याचें कारण नाहीं. अधिक मासाला लोक धोंड्याचा महिना म्हणतात व त्या महिन्यांत जांवयाला धोंडे खाऊं घालतात. त्या महिन्यांतील जन्मावरूनहि हें नांव पडे असें सांगतात. काशीच्या ढुंढिराज गणपतीचें नांवहि उच्चारांत याच्या जवळ येतें. पण सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. गांवाच्या वेशीवर पडलेल्या धोंड्याला शेंदूर लागला कीं तोच देव होतो. मरणापुढें जें नांव कवडीमोल, तेंच घरांतल्यांच्या मनांत देव्हाऱ्याच्या जवळ बसे. या दुहेरी अर्थामुळेंच तें उकिर्डा किंवा कचरू यांच्यापेक्षां अधिक दूरवर गेलें व पंत, बा, जी अशा प्रत्ययांसह मानानें मिरवलें असावें.

हा कावा कांहीं एकट्या मराठी मुलखाचा नव्हे. पंजाबांतील विशेषनामांवर रिचर्ड टेम्पल यांनीं १८८३ सालीं जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांत अशा तिरस्कारदर्शक नांवांचा परामर्श घेतलेला आहे. बंगालमध्यें तीन कवड्यांना विकत घेतलेला म्हणून तीनकडी, पांच कवड्यांचा म्हणून पांचकडी. चीनमध्यें कुत्र्यानेंहि टाकून दिलेला अशा अर्थाचें घरगुती नांव मुलाला असे. आणि पश्चिम आफ्रिकेंतील योरुबा लोकांत तर मृत्यूला सरळ बजावणारीं नांवें आहेत. १८४५ ते १८५१ पर्यंत लागोसच्या गादीवर असलेल्या राजाचें नांव कोसोको, म्हणजे ‘कुदळ नाहीं’: खड्डा खणावयास घरांत कुदळच उरली नाहीं, तेव्हां हें मूल राहूं दे. ज्या आईला हें सुचलें आणि जिला धोंडो सुचलें, त्या दोघींना एकमेकींची भाषा कळली नसती, एवढेंच.

इतिहासाच्या कागदांत हें नांव प्रथम गाजतें तें घोड्यावरून. टिपूच्या तुरुंगांत पडलेला धोंडजी वाघ १७९९ सालीं श्रीरंगपट्टण पडतांच मोकळा झाला, फौज जमवून त्यानें कर्नाटकांत धुमाकूळ घातला, दोन्ही लोकांचा राजा अशी पदवी घेतली, आणि १० सप्टेंबर १८०० रोजीं आर्थर वेलस्लीच्या घोडदळाशीं लढतांना तो पडला. पुढें वॉटर्लूवर नेपोलियनला हरविणारा तो हाच वेलस्ली. त्यानंतर अर्ध्या शतकानें दुसऱ्या बाजीरावाचे दत्तक पुत्र नानासाहेब, म्हणजेच धोंडोपंत, कानपुरांत इंग्रजांविरुद्ध उभे राहिले. इंग्रजांनीं त्यांना पकडून देणाऱ्यास एक लाख रुपयांचें इनाम लावलें आणि त्यांच्या कागदपत्रांत हें साधें मराठी नांव ‘धुंदुपंत’ असें वेडेंवांकडें उमटलें. या नांवाचे पुरुष दगडासारखेच चिवट निघतात असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु शेंकडों धोंडो शेतावर राबून निमूटपणें निघून गेले, त्यांची नोंद कोणी ठेवली नाहीं.

कानपूरच्या त्या धामधुमीनंतरच्या वर्षीं, १८ एप्रिल १८५८ रोजीं, रत्नागिरी जिल्ह्यांत धोंडो केशव कर्वे यांचा जन्म झाला. या सुमारास नांव रुळून गेलेलें होतें. नातवाला आजोबांचें नांव देण्याच्या चालीमुळें तें आतां दुःख न झालेल्या घरांतहि पोंचत असे. कारण विसरलें जाई, नांव राही. फर्ग्युसन महाविद्यालयांतील या गणिताच्या अध्यापकानें ११ मार्च १८९३ रोजीं गोदूबाई या विधवेशीं पुनर्विवाह केला आणि मुरूडच्या गांवकऱ्यांनीं त्यांस वाळींत टाकलें. १८९६ सालीं त्यांनीं विधवांसाठीं आश्रम काढला, १९१६ सालीं महिला विद्यापीठ स्थापिलें, १९५८ सालीं, वयाच्या शंभराव्या वर्षीं, त्यांना भारतरत्न मिळालें आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजीं ते निवर्तले. घरीं व आश्रमांत मात्र त्यांना कोणी धोंडो म्हणत नसे. ते सर्वांचे अण्णा होते. त्यांनीं आपल्या मुलांचीं नांवें ठेवलीं तीं रघुनाथ, शंकर, दिनकर, भास्कर. धोंडो हें नांव त्या घरांत उरलें तें मुलाच्या व आडनांवाच्या मधल्या जागीं, आणि तेथेंहि आक्रसून एका अक्षराचें झालें: र. धों. कर्वे.

या र. धों. कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें. त्याच वर्षीं मुंबई शहरांत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागें साडेसहाशेंहून अधिक अर्भकें वर्षाच्या आंत दगावल्याची नोंद आहे. बाळंतपणासाठीं गांवीं जाणाऱ्या बायांमुळें शहरांतील जन्मांची नोंद अपुरी पडे, म्हणून हा आंकडा कांहींसा फुगलेला खरा. तरीहि गिरणगांवांतील एका खोलीच्या बिऱ्हाडांत पाळणा बांधतांना आईच्या मनांत काय येत असेल हें त्यावरून उमगतें. आनुवंशिक खोळंबलेपणामुळें लोक अशीं नांवें ठेवीत होते असें म्हणणाऱ्या सुधारकांना हा आंकडा पुरेसें उत्तर आहे. लोक अडाणी होते म्हणून नव्हे, मुलें मरत होतीं म्हणून धोंडो होते.

मुलें जगूं लागलीं तसें नांव मरूं लागलें. देवीची लस हिंदुस्थानांत प्रथम टोंचली गेली ती मुंबईंतच, १४ जून १८०२ रोजीं, ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीला; पण त्या रोगाचा देशांतून पुरता निकाल लागावयास १९७५ साल उजाडलें. २०२० सालीं महाराष्ट्रांतील अर्भकमृत्यूचें प्रमाण हजारीं सोळा इतकें खालीं आलें. दरम्यान शाळेच्या हजेरीपटावर ‘धोंडू’ अशी हांक आली कीं वर्ग हंसूं लागला, नाटकांत व चित्रपटांत दगडू-धोंडू हीं गड्याचीं व गांवंढळांचीं नांवें ठरलीं, आणि २०१४ च्या ‘टाइमपास’ या चित्रपटांत दगडू हें नांवच नायकाच्या जातकुळीची खूण म्हणून पुरेसें झालें. स्त्रियांत हें नांव सन्मानानें वागविणाऱ्यांपैकीं जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका धोंडूताई कुलकर्णी या होत. केसरबाई केरकरांच्या या शिष्या १९२७ सालीं जन्मल्या व २०१४ सालीं निवर्तल्या. त्यांच्या मैफलीच्या पत्रिकेवर तें नांव वाचून कोणी हंसलें नाहीं.

मात्र वाईट वाटणारीं सर्वच नांवें मायेचीं होतीं असें समजणें ही फसगत ठरेल. मुलीवर मुलगी झाली म्हणून ठेवलेलें ‘नकुशी’ किंवा ‘नकोशी’ हें नांव दिसावयास याच पंक्तींतलें. पण धोंडो म्हणणारे मृत्यूला खोटें सांगत होते, नकुशी म्हणणारे मुलीला खरें सांगत होते. ऑक्टोबर २०११ मध्यें सातारा जिल्ह्यांत अशा अडीचशेंहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवीं नांवें देण्यांत आलीं. आपलें नांव बदलून मिळावें असें कोणा धोंडोला वाटलें असतें, तर तें लोकांच्या हंसण्यामुळें. या मुलींचें तसें नव्हतें.

कर्व्यांच्याच घरांत पुढें एक नांव आलें, तेंहि दुर्मिळच. १९०५ सालीं ब्रह्मदेशांत मिंजान येथें करमरकरांच्या घरीं मुलगी झाली आणि तेथल्या मोठ्या नदीवरून तिचें नांव इरावती ठेवलें गेलें. दिनकर धोंडो यांच्याशीं विवाह होऊन ती इरावती कर्वे झाली. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या या विदुषीमुळें तें नांव महाराष्ट्राला परिचित झालें, आणि त्यानंतर कित्येक घरांत इरावती जन्मल्या. सून वाहत्या पाण्याचें नांव घेऊन आली, सासरे धोंड्याचें नांव घेऊन शंभर वर्षें जगले.

कांजूरमार्गच्या कर्वेनगरांत आज मुलांचीं नांवें आरव असतात, अन्वी असतात. पण लस टोंचून घेऊन आईच्या खांद्यावर परतणाऱ्या त्या आरवच्या गालावर, केसांच्या जरा खालीं, काजळाची एक तीट लावलेली असते.