एचआयव्हीवरील पहिले औषधोपचार काही रुग्णांत निष्फळ का ठरतात?

बेंगळुरू : एचआयव्हीबाधित व्यक्तीला सर्वप्रथम दिल्या जाणाऱ्या औषधांच्या संचाला ‘पहिल्या फळीचे उपचार’ म्हटले जाते. बहुसंख्य रुग्णांत ही औषधे विषाणूला वर्षानुवर्षे दाबून ठेवतात. काहींच्या बाबतीत मात्र रक्तातील विषाणूंची संख्या, म्हणजेच विषाणूभार, औषधे सुरू असतानाच पुन्हा वाढू लागतो. रुग्ण गोळ्या घ्यायला विसरत असावा, असा निष्कर्ष अशा वेळी सहज काढला जातो. या समजुतीवर आधारलेला एक उपाय येथील सर्जापूर रोडवरील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांनी प्रत्यक्ष पडताळून पाहिला, तेव्हा तो निरुपयोगी ठरला.

डॉ. अनिता शेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या चाचणीचे निष्कर्ष 2014 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. दक्षिण भारतातील तीन केंद्रांवर प्रथमच उपचार सुरू करणारे 631 प्रौढ रुग्ण तीत सहभागी होते. त्यांपैकी 315 जणांच्या मोबाइलवर दर आठवड्याला ध्वनिमुद्रित आवाजातील स्मरण आणि एक चित्रसंदेश पाठवण्यात आला. उर्वरित 316 जणांना नेहमीचीच सेवा मिळाली. 96 आठवड्यांअखेर दोन्ही गटांत उपचार निष्फळ ठरलेल्यांची संख्या तंतोतंत सारखी, म्हणजे प्रत्येकी 49 होती. टक्केवारीत 15.6 आणि 15.5. गोळ्यांच्या नियमितपणातही फरक आढळला नाही.

केनियातील अनुभव याहून निराळा होता. 2010 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील 538 रुग्णांच्या चाचणीत आठवड्याला एक लघुसंदेश जाई आणि रुग्णाने 48 तासांत ‘ठीक आहे’ किंवा ‘अडचण आहे’ असे कळवणे अपेक्षित असे. अडचण कळवणाऱ्याला परिचारिका फोन करीत. तेथे विषाणूभार नियंत्रणात आलेल्यांचे प्रमाण संदेश न मिळालेल्यांत 48 टक्के, तर मिळालेल्यांत 57 टक्के आढळले. दोन्ही देशांतील परिस्थिती भिन्न असल्याने सरळ तुलना करता येत नाही. तरीही आठवण करून देणे आणि अडचण विचारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या दोन चाचण्या शेजारी ठेवल्यावर नजरेत भरते.

गोळ्या चुकल्याने नेमके काय होते, हे समजण्यासाठी विषाणूची कार्यपद्धती पाहावी लागते. उपचार न घेतलेल्या शरीरात दररोज अब्जावधी नवे विषाणू तयार होतात. आपल्या जनुकीय आराखड्याची नक्कल करणारे विषाणूचे विकर चुका दुरुस्त करत नाही. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक नकलेत काही ना काही बदल शिरतो. बहुतेक बदल निरर्थक असतात. एखादा मात्र औषधाला दाद न देणारा निघतो. तीन औषधे एकत्र देण्यामागचे कारण हेच. एका औषधातून निसटलेला विषाणू उरलेल्या दोहोंच्या तावडीत सापडावा, अशी ती योजना आहे.

भारतात 1 एप्रिल 2004 पासून सरकारी केंद्रांवर मोफत उपचार सुरू झाले. त्या संचातील नेविरापिन आणि इफाविरेन्झ ही औषधे स्वस्त व परिणामकारक असली, तरी एका उत्परिवर्तनानेही ती निकामी होऊ शकत. त्यांच्या जोडीच्या लॅमिव्ह्यूडिनचेही तसेच. शिवाय ही दोन औषधे शरीरात दीर्घकाळ रेंगाळतात. रुग्णाने सर्व गोळ्या एकाच दिवशी थांबवल्या, तर सोबतची औषधे लवकर निघून जातात आणि नेविरापिन किंवा इफाविरेन्झ काही दिवस एकटेच मागे राहते. विषाणूला प्रतिरोध कमावण्यासाठी याहून सोयीची स्थिती नाही. अधूनमधून एखादी गोळी चुकण्यापेक्षा सलग काही दिवसांचा खंड अधिक घातक का ठरे, याचे उत्तर यात आहे. गावी गेलेला स्थलांतरित मजूर, रुग्णालयात दाखल झालेली गर्भवती किंवा घरच्यांपासून आजार लपवणारी सून यांच्या वाट्याला असाच सलग खंड येण्याची शक्यता असते. हे विसरणे नव्हे. गोळीची आठवण असूनही ती घेता येत नाही, अशी ही अवस्था आहे.

काही रुग्णांत तर पहिली गोळी घेण्यापूर्वीच पराभवाची बीजे रुजलेली असतात. औषधप्रतिरोधक विषाणूचीच लागण झाली, तर गोळ्या कितीही नियमित घेतल्या तरी उपयोग मर्यादित राहतो. 2001 च्या सुरुवातीस सिप्ला कंपनीने तीन औषधांचा संच वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केला, त्यापूर्वी खर्च झेपत नसल्याने एक-दोनच औषधे विकत घेणारे रुग्ण होते. आईकडून बाळाला होणारी लागण टाळण्यासाठी प्रसूतीच्या वेळी नेविरापिनची एकच मात्रा देण्याची पद्धतही देशात दीर्घकाळ होती. तिने असंख्य बालके वाचवली. मात्र त्या एका मात्रेनंतर अनेक मातांमध्ये नेविरापिनला न जुमानणारा विषाणू उरे आणि पुढे त्याच औषधावर आधारित उपचार सुरू केल्यास ते फसण्याचा धोका वाढे. हा दोष रुग्णाच्या शिस्तीचा म्हणता येणार नाही.

क्षयरोगाची गुंतागुंत आणखी वेगळी. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन हे औषध यकृतातील विकरांना चालना देते. परिणामी नेविरापिनचे रक्तातील प्रमाण घटते. आज वापरात असलेल्या डोलुटेग्रॅव्हिरचीही मात्रा यामुळे दिवसातून दोनदा द्यावी लागते. आम्लपित्तावरील काही औषधे, तसेच लोह व कॅल्शियमच्या गोळ्या डोलुटेग्रॅव्हिरचे शोषण कमी करतात. औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेल्या अशा गोळीची माहिती एआरटी केंद्रातील डॉक्टरांपर्यंत पोहोचतेच असे नाही. पुरवठ्याचाही प्रश्न उद्भवतो. 2022 च्या जुलैमध्ये औषधटंचाईच्या तक्रारी घेऊन एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तींनी दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयात धरणे धरले होते.

निष्फळता ओळखण्याची साधनेही प्रारंभी अपुरी होती. विषाणूभार मोजण्याची सोय मर्यादित असल्याने सीडी-4 पेशींची घट किंवा नवा संसर्ग यांवरून अंदाज बांधला जाई. पेशी घटू लागेपर्यंत विषाणू बराच काळ वाढत राहिलेला असे आणि एकावर एक प्रतिरोधक बदल साचत. दुसऱ्या फळीचे मोफत उपचारही जानेवारी 2008 मध्ये मुंबईचे जे. जे. रुग्णालय आणि चेन्नईजवळील तांबरमचे रुग्णालय या दोनच ठिकाणी सुरू झाले होते. आता सहाव्या व बाराव्या महिन्यात आणि त्यानंतर वर्षातून एकदा विषाणूभार तपासणे अपेक्षित आहे.

तपासणीत विषाणूभार प्रतिमिलिलिटर एक हजार प्रतींवर गेला, तरी औषधे तत्काळ बदलली जात नाहीत. आधी समुपदेशन होते आणि तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी घेतली जाते. ही सावधगिरी योग्यच म्हणावी लागेल. मोबाइल चाचणीतील रुग्णांच्याच 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, एकदा निष्फळतेची नोंद झालेल्या काहींचा विषाणूभार औषध न बदलताही पुन्हा आटोक्यात आल्याचे दिसले होते. घाईने बदल केल्यास अजूनही उपयुक्त असलेला संच वाया जातो. विलंब झाल्यास प्रतिरोध वाढतो. या दोहोंतील निवड जनुकीय प्रतिरोध चाचणीने सोपी झाली असती, पण ती खर्चिक आहे आणि सरकारी कार्यक्रमात पहिल्या फळीच्या प्रत्येक रुग्णासाठी सरसकट केली जात नाही.

डोलुटेग्रॅव्हिरच्या आगमनाने चित्र बरेच पालटले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये त्याला पहिल्या पसंतीचे स्थान दिले आणि भारताच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांत टेनोफोविर, लॅमिव्ह्यूडिन व डोलुटेग्रॅव्हिर यांची एकत्रित गोळी पहिल्या फळीत आली. या औषधाला चकवणे विषाणूला कठीण जाते, अशक्य मात्र नाही. हे औषध घेऊनही विषाणूभार चढा राहिलेल्या रुग्णांत 3.9 ते 8.6 टक्क्यांपर्यंत प्रतिरोध आढळल्याचे संघटनेच्या 2024 च्या अहवालात नमूद आहे.

देशात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या सुमारे 25 लाख असून त्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला आहे. आंध्र प्रदेश आणि कर्नाटक त्यामागोमाग येतात. कामासाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या रुग्णाला आपले नाव नव्या शहरातील एआरटी केंद्राकडे वर्ग करून घेता येते. 2020 च्या टाळेबंदीत स्थिर प्रकृतीच्या रुग्णांना एकाच वेळी अनेक महिन्यांच्या गोळ्या देण्याच्या पद्धतीवर भर देण्यात आला. त्यामुळे केंद्रावरच्या खेपा कमी होतात आणि त्यापायी बुडणारी रोजंदारीही वाचते.