टाळूची शिवण आणि श्वासाची वाट

भारतातील सुमारे अकरा टक्के प्रौढांना, म्हणजे दहा कोटींहून अधिक लोकांना, झोपेत श्वास वारंवार अडण्याचा विकार असावा, असा अंदाज एम्सच्या संशोधकांनी २०२३ साली देशातील आधीच्या पाहण्या एकत्र करून मांडला. घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण मानणाऱ्या समाजाला हा आकडा पचणे अवघडच. या विकारावरील एका उपचाराचा, वरचा जबडा शस्त्रक्रियेने रुंद करण्याचा, उगम मात्र श्वासाशी संबंध नसलेल्या प्रश्नात आहे.

सॅन फ्रान्सिस्कोचे दंतवैद्य इमर्सन अँजेल यांनी १८६० साली एका चौदा वर्षांच्या मुलीची हकीकत प्रसिद्ध केली. दातांना जागा अपुरी होती. अँजेल यांनी वरच्या दातांमध्ये आडवा स्क्रू बसवला आणि तो फिरवण्याची किल्ली मुलीच्याच हाती दिली. दोन आठवड्यांत पुढच्या दोन दातांमध्ये फट पडली. टाळू मध्यरेषेवरील शिवणीने जोडलेल्या दोन अर्धांचा असतो आणि ती शिवण उघडली, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ‘डेंटल कॉसमॉस’च्या संपादकांनीच त्यावर शंका घेतली. शंका अवाजवी नव्हती. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून पस्तीस वर्षे होती आणि पुरावा म्हणजे केवळ ती फट.

अमेरिकेत ही कल्पना पुढे जवळजवळ विस्मृतीत गेली. अँड्र्यू हास यांनी डुकरांवर प्रयोग करून मग रुग्णांवरील निष्कर्ष १९६१ साली मांडले, तेव्हा ती परतली. टाळू ही नाकाचीच जमीन असल्याने जबड्याबरोबर नासिकापोकळीही रुंदावते, हे हास यांच्या निबंधाच्या शीर्षकातच होते.

प्रौढांत मात्र स्क्रू फिरवून दात कलत, हाड हलत नसे. दोष शिवणीचा मानला जाई. १९६४ साली आयझॅकसन आणि इंग्राम यांनी स्क्रूवरील बल प्रत्यक्ष मोजले. एकेका फिरवणीत साधारण तीन ते दहा पौंड बल निर्माण होत होते आणि मुख्य विरोध शिवणीपेक्षा चेहऱ्याच्या आजूबाजूच्या हाडांचा होता. या इतिहासातले हे सर्वांत सुंदर मोजमाप म्हणावे लागेल, कारण कुठे कापायचे हे त्याने सुचवले. टाळू शस्त्रक्रियेने दुभंगण्याचे वर्णन १९३८ सालीच झाले होते. सत्तरच्या दशकात गालफडाच्या आधारस्तंभांवर आणि जबड्याच्या मागील सांध्यावर छेद घेण्याचे तंत्र पक्के झाले. छेदानंतर काही दिवस थांबून स्क्रू रोज थोडा फिरवतात आणि फटीत नवे हाड भरते.

श्वासाचे काय होते? नळीची त्रिज्या दहा टक्क्यांनी वाढली, तर संथ प्रवाहाचा विरोध जवळजवळ एक तृतीयांशाने घटतो, हे गणित अनेकदा सांगितले जाते. पण नाक सरळ नळी नाही, प्रवाहही सदैव संथ नसतो. शिवाय फट खाली आणि पुढे अधिक उघडते, वर आणि मागे कमी. अडथळा तर झोपेत खाली घशात येतो, जिथली मऊ भिंत चिमटते. नाकातला विरोध कमी झाला की श्वास ओढताना घशात दाब कमी घसरतो, आणि रुंद टाळूखाली जिभेला जागा मिळते. फायद्याचा मार्ग हा असावा.

१९९८ साली पीटर सिस्तुली आणि सहकाऱ्यांनी अरुंद जबडा असलेल्या दहा तरुण रुग्णांचे निष्कर्ष दिले. काहींना शस्त्रक्रियेची जोड लागली. नऊ जणांत सुधारणा झाली. तासाला सरासरी १९ वेळा अडणारा श्वास ७ वर आला. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. नंतरच्या अनेक अभ्यासांनी त्रिमितीय सीटीवर श्वासमार्गाचे घनफळ मोजले, पण जीभ कशी टेकली, मान किती वळली, यावरही ते बदलते, आणि ही चित्रे जागेपणी, श्वास सुरळीत चालू असताना घेतलेली असतात.