उसने खांब

आमच्या बीड जिल्ह्याला समुद्र नाही. उत्तरेच्या शिवेवरून गोदावरी जाते, तिच्यावरच समुद्राची हौस भागवायची. पण हल्ली कुणी चार पैसे जोडून बंगला बांधला, की पोर्चला ग्रीक खांब हवेतच. माथ्यावर सिमेंटची पाने. लांबून पाहावे तर कोबीचा गड्डा!

हे वेड फार मोठमोठ्यांना जडलेले आहे. फ्रान्सच्या किनाऱ्यावर तेओदोर रेनाक नावाच्या पंडिताने 1902 ते 1908 या काळात ‘केरिलॉस’ हा बंगला उठवला. घर थेट प्राचीन ग्रीकांचे. बिचारा पियानोसुद्धा ग्रीक कपाटाचे सोंग घेऊन उभा! रेनाक पेढीवाल्यांच्या घरातला, तेव्हा खर्चाची काळजी नव्हती.

मुंबईच्या साहेबांना मात्र ती होती. फोर्टात, बंदराच्या अंगाला, टाऊन हॉल बांधायची कल्पना निघाली 1811 मध्ये. पैशासाठी काय करावे? चक्क लॉटरी काढली! तीही पुरली नाही. शेवटी सरकारने काम अंगावर घेतले. कर्नल टॉमस कूपर यांच्या नकाशाबरहुकूम इमारत पुरी झाली 1833 मध्ये. सरकारी काम तेव्हाही सरकारीच होते म्हणायचे.

समोर तीस पायऱ्या, वर आठ डोरिक खांब. डोरिक म्हणजे कोबी नव्हे बरं का! अंगावर उभ्या पन्हळी, माथ्यावर साधी चकती, बस्स. खांब विलायतेहून आले आणि इतके अगडबंब निघाले की त्यांतले काही भायखळ्याच्या चर्चला देऊन टाकले, असे सांगतात. आपल्याकडे उरलेल्या फरश्या मेहुण्याच्या न्हाणीघराला जातात, त्यातलाच प्रकार.

आता हिशेब मांडा. घडण ग्रीकांची, दगड विलायतेचा, पैसा लॉटरीचा. सगळाच उसना कारभार. आणि वर ऐट अशी, की आतल्या विद्वत्सभेत, म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीत, हिंदी माणसाला सभासदत्व नाही! 1840 मध्ये माणकजी कर्सेटजी सभासद झाले आणि दार किलकिले झाले. मागाहून डॉ. भाऊ दाजी लाड आले, शिलालेखांचा आणि नाण्यांचा छडा लावू लागले. पुढे महामहोपाध्याय पां. वा. काणे आले. ग्रीक खांबांमागे बसून त्यांनी मनू आणि याज्ञवल्क्य उलगडले, धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला. 1963 मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले.

उसनवारीला नावे ठेवणे आम्हा बँकवाल्यांना शोभत नाही. कर्ज कशासाठी काढले यापेक्षा हप्ते येतात की नाही, इकडे आमचे लक्ष. टाऊन हॉलच्या खांबांचे कर्ज या मंडळींनी व्याजासकट फेडले. आमच्याकडच्या खांबांमागे पुस्तकांचे एखादे कपाट उभे राहिले, की पहिला हप्ता जमा झाला असे मी समजेन. तूर्त तिथे टीव्हीचे शोकेस आहे.